अर्जावरचं अक्षर

चौथीत असताना सुंदर अक्षरासाठी मला शाळेत बक्षीस मिळालं. 1972 सालची गोष्ट. बक्षीस म्हणजे एक कंपासपेटी होती, पण त्या कंपासपेटीबरोबर गावाचं एक काम माझ्या गळ्यात पडलं ते आजतागायत सुटलेलं नाही. संध्याकाळी बाबा वाडीतून आले, पाय धुतले आणि ओटीवर बसत म्हणाले, "बाय, वही घे. अर्ज लिहायचाय."

आमचं गाव वसईच्या पश्चिम पट्ट्यातलं, निर्मळच्या जवळचं. तेव्हा दोन्ही बाजूंना केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या होत्या. विहिरीवर रहाट होते, आणि दर चार घरांमागे एक बावखल. बाहेरच्यांना हा शब्द ठाऊक नसतो म्हणून सांगते. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं छोटं तळं. पावसाळ्यात ते भरतं, जमिनीत मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरींना उन्हाळाभर पुरतं. समुद्र हाकेच्या अंतरावर असून आमच्या विहिरी गोड राहिल्या त्या बावखलांमुळे.

तो पहिला अर्ज पहाटेच्या बसगाडीसाठी होता. गावातल्या बाया केळी, भाजी, मोगरा, चाफा टोपल्यांत भरून दादरला न्यायच्या. पहिली लोकल धरायची तर स्टेशनपर्यंत अंधारात चालत जावं लागे. डोक्यावर टोपली, हातात कंदील. आमची शेजारीण, आम्ही तिला माई म्हणायचो, ती एकदा वाटेत पडली आणि तिचा हात मोडला. मग गाव बसलं आणि आमदारांना लिहायचं ठरलं.

मी लिहीत होते आणि ओटीवरचे सगळे सांगत होते. एक म्हणे, रस्त्याचंही लिही. दुसरा म्हणे, विजेचे खांब वाकलेत ते घाल. तिसऱ्याने खताचा तुटवडा घातला. चार पानं झाली. खाली अंगठे आणि सह्या. पाकीट टपालात पडलं आणि पुढे काहीच झालं नाही.

दोन महिन्यांनी आमच्या मास्तरांनी ती हकीकत ऐकली. त्यांनी मला कार्बन कागद लावून ठेवलेली नक्कल आणायला सांगितली, वाचली आणि हसले. म्हणाले, "अगं, यात तुम्ही रडलात किती! पण मागितलंत काय? वाचणाऱ्याने पहिल्यांदा काय करायचं ते कुठे लिहिलंय?" मग त्यांनी दुसरा अर्ज सांगितला. तो अर्ध्या पानाचा होता. अमुक गावाहून अमुक स्टेशनला पहाटेच्या पहिल्या लोकलच्या आधी अर्धा तास पोचेल अशी एक गाडी हवी. रोज जाणाऱ्या बाया इतक्या, त्यांची यादी सोबत. एवढंच. तीन आठवड्यांनी आमदारांकडून एक कार्ड आलं, की आगाराकडे कळवलं आहे. पावसाळ्यानंतर गाडी सुरू झाली. पहिल्या दिवशी माईने ड्रायव्हरला केळ्यांचा फणा दिला आणि माझ्या हातावर चाफ्याची चार फुलं ठेवली.

त्या कार्डाचं मला फार अप्रूप वाटलं. आपण लिहिलेला कागद कोणीतरी वाचतो, त्यावरून कोणीतरी दुसऱ्याला कागद लिहितो आणि शेवटी आपल्या रस्त्यावर एक गाडी येऊन उभी राहते. दहा वर्षांच्या मुलीला ही जादूच वाटली.

आजोबांना मात्र त्यात जादू वाटली नाही. ते म्हणाले, "आमच्या वेळी अर्ज नव्हता. आर्जव होतं." आर्जव सावकाराकडे करायचं, जमीनमालकाकडे करायचं. आजोबांच्या वाडीचा मोठा तुकडा दुसऱ्याच्या नावावर होता आणि ते तिथे कूळ होते. 1 एप्रिल 1957, हा दिवस ते तिथीसारखा सांगत. कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानायचं असा बदल कुळकायद्यात झाला, आणि त्याच्यासाठी तो दिवस नेमला होता. सातबारावर नाव चढायला पुढे वेळ लागला, हेलपाटे पडले. पण आजोबा म्हणत, "कायदा झाला म्हणून हेलपाटे तरी घालता आले. आधी कुठे घालणार होतो?"

पुढे मी डी.एड. झाले, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले. इतिहास शिकवता शिकवता या अर्जांचा माग काढायची सवय लागली. वसईत तक्रार घेऊन दूर जाण्याची परंपरा तशी जुनीच आहे. पोर्तुगीजांच्या जाचाविरुद्ध दाद मागायला अंजूरचे गंगाजी नाईक पेशव्यांकडे गेले. पुढे 1737 साली मराठ्यांची उत्तर कोकणची मोहीम सुरू झाली आणि मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला. पण ते राजाच्या दारी जाणं होतं. राजाने ऐकलं तर ऐकलं. न ऐकलं तर पाच वर्षांनी त्याला बदलायची सोय नव्हती.

इंग्रजांच्या काळात अर्जाला वेगळं वळण लागलं. 1852 साली मुंबईत बाँबे असोसिएशन निघाली. तिच्यात नाना शंकरशेट होते, तरुण दादाभाई नौरोजी होते. त्यांनी थेट विलायतेच्या पार्लमेंटला अर्ज धाडला. पण तिथे आपलं कोणी निवडून दिलेलं नव्हतं. खुद्द इंग्लंडातही गरिबाला मत नव्हतं. 1842 साली चार्टिस्ट म्हणवणाऱ्या कामगारांनी मताच्या हक्कासाठी तीस लाखांहून जास्त सह्यांचा अर्ज पार्लमेंटला नेला, तो त्या सभागृहाने विचारातसुद्धा घेतला नाही. हे वाचलं तेव्हा मला आमची चार पानं आठवली. तीस लाखांचंही असं होतं, मग आमच्या ओटीचं काय!

मला सर्वांत आवडली ती पुण्याच्या सार्वजनिक सभेची रीत. 2 एप्रिल 1870 ला ही सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, ते तिच्या मुळाशी होते. या सभेचा सभासद व्हायचं तर निदान पन्नास माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणावा लागे. म्हणजे सरकारने निवडणूक दिली नव्हती, तरी या लोकांनी आपल्यापुरती ती सुरू केली. तू बोलतोस ते कोणाच्या वतीने, हा प्रश्न त्यांनी आधी स्वतःला विचारला.

आणि दुसरी गोष्ट कोकणातल्या खोतीची. 1937 साली प्रांताच्या विधिमंडळाच्या निवडणुका झाल्या. मत सगळ्यांना नव्हतं. ज्याच्याकडे थोडीफार मालमत्ता किंवा शिक्षण होतं त्यालाच होतं. तरी त्या विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर निवडून गेले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. मग 1938 च्या जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चाने आले. आत विधेयक आणि बाहेर ज्यांच्यासाठी ते विधेयक ती माणसं. त्या वेळी खोती गेली नाही, ती स्वातंत्र्यानंतर कायद्याने गेली. मुलांना हे शिकवताना मी सांगायचे, आमदाराला लिहिणं आणि मोर्चाला जाणं ही दोन वेगळी कामं नाहीत. एकाने आतला माणूस बोलतो, दुसऱ्याने त्याच्या बोलण्याला वजन येतं.

सांगायचे खरी, पण स्वतः मोर्चाला जाता येत नव्हतं. जिल्हा परिषदेची नोकरी. वर्तणूक नियमांत राजकीय चळवळीत भाग घ्यायला मनाई. अर्ज लिहायला कोणी अडवत नव्हतं, सही करण्याचा प्रश्न होता. घरात नोकरी एकटीची, वाडीचं उत्पन्न कमी होत चाललेलं. बाबा म्हणायचे, "तू अक्षर दे. सह्या आम्ही देतो." म्हणून तेहतीस-चौतीस वर्षं गावाच्या अर्जांवर अक्षर माझं राहिलं आणि सही कधीच माझी नव्हती.

1989 साल उजाडलं तेव्हा वसईत एकच विषय होता. आदल्याच वर्षी सरकारने वसईचा हरित पट्टा बांधकामाला मोकळा करण्याचा निर्णय घेतला होता. पुढे 1990 साली सिडकोला या भागाचं नियोजन प्राधिकरण नेमलं. मुंबईत माणसं मावेनाशी झाली होती, घरं हवी होती, हे खरंच. पण घरं उभी राहणार ती जमीन, त्याखालचं पाणी आणि ते पाणी धरून ठेवणारी बावखलं यांचं काय, हे विचारायला फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी उभे राहिले. हरित वसई संरक्षण समिती स्थापन झाली. फादर तेव्हा 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते. पुढे 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, 25 जुलै 2024 ला गेले. पण आमच्या गावात ते लेखक म्हणून नंतर कळले, आधी ते पाण्याबद्दल बोलणारे फादर होते. देवळात जाणारे आणि चर्चमध्ये जाणारे एकाच सतरंजीवर बसून पाण्याचं बोलतायत, हे मी तेव्हा पाहिलं.

त्या दिवसांत आमच्या ओटीवर रात्री बारापर्यंत कंदील असायचा, वीज गेली तरी काम थांबायचं नाही. पोस्टकार्डं मुख्यमंत्र्यांना, निवेदनं आमदारांना, खासदारांना. खासदाराचीही आमची गंमतच होती. 2008 ची मतदारसंघ पुनर्रचना होईपर्यंत वसई लोकसभेसाठी उत्तर मुंबईत मोडत असे. बोरिवली-कांदिवलीच्या चाळींचा आणि आमच्या केळीच्या वाड्यांचा खासदार एकच. आणि जिल्हाधिकारी ठाण्याला. म्हणजे लोकलने दादरला जा, गाडी बदला, तिथून ठाणे. एक कागद द्यायला दिवस जायचा. पालघर जिल्हा झाला तो 1 ऑगस्ट 2014 ला.

या आंदोलनामुळे सगळं थांबलं का? नाही. नालासोपाऱ्याला, विरारला काय झालं ते लोकलच्या खिडकीतूनही दिसतं. पण पश्चिम पट्ट्यातल्या बऱ्याच वाड्या राहिल्या, आणि मुख्य म्हणजे विचारायची सवय राहिली. मी मात्र त्या सवयीत एकदा फार मोठी चूक केली. ती सांगितल्याशिवाय हे लिहिणं खोटं ठरेल.

1998 च्या उन्हाळ्यात आमच्या आळीच्या टोकाच्या बावखलात रात्री ट्रकने मलबा पडायला लागला. कागदावर ते खासगी मालकीचं, पण पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर सात विहिरी जगत होत्या. सकाळी उठून पाहावं तर पाण्याचा काठ दोन हात आत सरकलेला. बाबा तेव्हा सत्तरीला आलेले. ते तडक माझ्याकडे आले. मी त्या रात्री जीव ओतून अर्ज लिहिला. बावखल म्हणजे गावाचं काळीज, पूर्वजांची पुण्याई, पुढच्या पिढ्यांचा घोट, असं काय काय लिहिलं. बाबांनी घरोघर फिरून दोनशे बारा सह्या आणल्या. एका सरकारी कार्यालयात अर्ज दिला आणि एक प्रत लोकप्रतिनिधींकडे.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं, की अर्ज मोघम आहे, जागेचा सर्व्हे नंबर व मालकाचा तपशील नमूद नाही, सबब कार्यवाही करता येत नाही. लोकप्रतिनिधींच्या कार्यालयातल्या मुलानेही तेच सांगितलं. "बाई, साहेब बोलतील हो, पण कोणत्या जागेबद्दल बोलायचं? गावात बावखलं वीस."

सातबारा काढायला तलाठ्याकडे गेलो. एकदा तो नव्हता, एकदा दप्तर तालुक्याला गेलेलं, एकदा सुट्टी. उतारा हातात आला तोपर्यंत जून लागला होता आणि बावखलाच्या जागी सपाट मातीवर पहिल्या पावसाचं डबकं साचलं होतं. दोन वर्षांत खालच्या अंगाच्या तीन विहिरी मचूळ झाल्या. त्यातली एक आमची. बाबांनी मला कधी शब्दाने बोलून दाखवलं नाही. फक्त एकदा पोहऱ्यातलं पाणी चाखून थुंकले आणि म्हणाले, "बाय, अक्षर छान होतं गं."

मास्तरांनी पंचवीस वर्षांपूर्वी शिकवलेलं मी विसरले होते. माझ्या शब्दांचा मला मोह झाला. त्यानंतर मी एक जाड वही घातली. आळीतली, गावातली प्रत्येक सामाईक जागा, विहीर, बावखल, पायवाट, ओढा, स्मशान, त्याचा सर्व्हे नंबर, क्षेत्र, कोणाच्या नावे, सगळं तिच्यात उतरवलं. आजही कोणी अर्जासाठी आलं की आधी ती वही निघते.

त्या वहीच्या पहिल्या पानावर मी माझ्यासाठी काही गोष्टी लिहून ठेवल्या होत्या. कोणाला उपयोग झाला तर व्हावा म्हणून इथे सांगते. आधी काम कोणाचं ते ओळखायचं. गटार, दिवाबत्ती, गावचा रस्ता हे ग्रामपंचायतीचं किंवा नगरसेवकाचं. रेल्वे, टपाल हे खासदाराचं. जमिनीचा कायदा, आराखडा, गाव महापालिकेत घालायचं की नाही, हे राज्याचं, म्हणून आमदाराचं. चुकीच्या दारी गेलेला अर्ज कोणी फाडत नाही, तो नुसता या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. एका अर्जात एकच मागणी. पहिल्या तीन ओळींत जागा, तारीख आणि काय हवं ते. प्रत ठेवायची, आणि आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय पायरी उतरायची नाही.

आमदाराला नुसतं 'लक्ष घाला' म्हणून भागत नाही, हे मला उशिरा कळलं. त्याच्या हातात कोणती हत्यारं आहेत ते आपल्याला ठाऊक हवं. अधिवेशनात तो तारांकित प्रश्न विचारू शकतो, मग मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं आणि ते छापलं जातं. तातडीचं असेल तर लक्षवेधी सूचना देता येते. विधानसभेची विनंती अर्ज समिती असते, तिच्यापुढे लोकांचा अर्ज आमदारामार्फत जाऊ शकतो. आम्ही नंतर अर्जाच्या शेवटी लिहायला लागलो, की कृपया या विषयावर येत्या अधिवेशनात प्रश्न विचारावा, माहिती सोबत जोडली आहे. प्रश्नाचा कच्चा मजकूरही जोडायचो. दोनशे अठ्ठ्याऐंशी आमदारांच्या सभागृहात आपल्या गावाचं नाव उच्चारलं जावं असं वाटत असेल, तर ते नाव नीट लिहून देणं हे आपलं काम.

मग 2009 साल आलं. 3 जुलैला वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि त्यांच्याबरोबर 53 गावं. गावं घेतली म्हणजे ग्रामपंचायती गेल्या. सरपंच गेला, ग्रामसभा गेली.

शहरातल्या वाचकाला कदाचित प्रश्न पडेल, त्यात एवढं काय? महापालिका म्हणजे पैसा, पाणी, रस्ते. गावातही असं म्हणणारे होते, त्यांचंही अगदी चुकीचं नव्हतं. आमच्या सुनेलाच वाटायचं की नळाचं पाणी आलं तर बरं. पण ग्रामसभा म्हणजे काय ते आम्हाला ती गेल्यावर कळलं. सव्वीस जानेवारीला, एक मेला, पंधरा ऑगस्टला, दोन ऑक्टोबरला शाळेच्या पटांगणात गाव बसायचं. भांडणं व्हायची, सरपंचाला तोंडावर बोललं जायचं. माई तर उभं राहून म्हणायची, "काय रे, तुझ्या आईच्या मांडीवर खेळलास तू आमच्या अंगणात, आणि आमची गटार तुला दिसत नाही?" असं बोलायला अर्ज लागत नव्हता. लोकप्रतिनिधी हाकेच्या अंतरावर होता, बावखलासारखा. ते अंतर वाढलं की मधल्या जागेत कागद येतो.

पश्चिम पट्ट्यातली गावं उठली. सभा, मोर्चे, उपोषणं झाली. ऑक्टोबर 2009 च्या विधानसभा निवडणुकीत हाच प्रश्न घेऊन श्रमजीवी संघटनेचे विवेक पंडित वसईतून अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. 2010 साली महापालिकेची पहिली निवडणूक झाली. तिच्यात सत्ता बहुजन विकास आघाडीला मिळाली, पण गावांतून जनआंदोलन समितीचे उमेदवार निवडून आले. मी शाळेत फळ्यावर नागरिकशास्त्र शिकवत होते आणि खिडकीबाहेरून मोर्चा जात होता. सातवीतल्या एका पोराने विचारलं, "बाई, तुम्ही नाही जात? माझी आजी गेलीय." मी म्हटलं, "तुझ्या आजीच्या हातातला फलक बघ. ते अक्षर ओळखतोस का?" तो खिडकीत गेला, परत आला आणि काही न बोलता वही उघडून बसला.

31 मे 2011 ला राज्य सरकारने 29 गावं महापालिकेतून वगळण्याचा निर्णय काढला. गावात फटाके वाजले. बाबा त्या वेळी अंथरुणाला खिळले होते. मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "सर्व्हे नंबर लिहिलेत का सगळ्यांचे?" मी म्हटलं, गावांची नावं आहेत. म्हणाले, "मग ठीक." त्या पावसाळ्यात ते गेले.

पण निर्णय निघाला म्हणजे काम झालं असं नसतं. त्या निर्णयाला उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि प्रकरण वर्षानुवर्षं पडून राहिलं. वगळलेली गावं व्यवहारात महापालिकेतच राहिली. घरपट्टी तिकडे भरायची आणि मनाने ग्रामपंचायतीत राहायचं, असा संसार सुरू झाला. मधल्या काळात विधानसभेच्या निवडणुकाही झाल्या. जून 2020 मध्ये महापालिकेची मुदत संपली, आणि निवडणूक न होता प्रशासक आला. म्हणजे गावाला सरपंच नाही आणि नगरसेवकही नाही. कित्येक वर्षं आम्ही दिवाबत्तीच्या अर्जावर वर कोणाचं नाव घालायचं यावर अडायचो.

त्याच 2020 साली मी सेवानिवृत्त झाले. निरोप समारंभ टाळेबंदीमुळे झाला नाही. मुख्याध्यापकांनी नारळ आणि शाल घरी पाठवून दिली.

2024 च्या फेब्रुवारीत सरकारने ती 29 गावं पुन्हा महापालिकेत घेण्याची अधिसूचना काढली आणि लोकांच्या हरकती मागवल्या. संध्याकाळी ओटीवर माणसं जमली. बाबांच्या जागी आता माझा धाकटा भाऊ बसतो. तरुण पोरं मोबाईलमध्ये एक तयार मसुदा घेऊन आली होती, त्यात नाव तेवढं बदलायचं. मी म्हटलं, हजार कागद एकसारखे आले तर वाचणारा ते एकच कागद म्हणून वाचेल. प्रत्येकाने आपलं काय जाणार ते लिहा. भाऊने त्याच्या वाडीच्या पाण्याचं लिहिलं. माईच्या नातीने ग्रामसभेचं लिहिलं. माझ्या सुनेने मात्र वेगळंच सांगितलं. तिला महापालिका हवी होती, नळाचं पाणी हवं होतं, आणि तीही हरकत-सूचनेतलीच सूचना. घरात थोडी कुजबुज झाली. पण तिचा कागदही मीच नीट करून दिला. घराचा क्रमांक, पाण्याची वेळ, उन्हाळ्यात टँकरला किती पैसे जातात, सगळं घालून. सार्वजनिक काकांच्या सभेत पन्नास सह्या लागत. आमच्या घरातही एकमत नव्हतं, म्हणून तिच्या वतीने मी कशी बोलणार?

शेवटी माझा कागद लिहिला. एक पान. 1998 साली बुजलेल्या बावखलाचा सर्व्हे नंबर त्यात घातला, सव्वीस वर्षं उशिरा. त्याखालच्या तीन विहिरींचे नंबर घातले. म्हटलं, पाण्याच्या अशा जागांचा निर्णय ज्या सभेत होतो ती सभा गावात भरायला हवी, कारण रात्री ट्रक आला तर तो गावालाच आधी ऐकू येतो. मग खाली नाव लिहिलं आणि सही केली. सही करताना हात अडखळला. पगारपत्रकावर, हजेरीपटावर, मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर हजारो सह्या केल्या होत्या, पण गावाच्या कागदावर ही पहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पंधरा-सोळा जण रिक्षा करून तालुक्याला गेलो. रांग बरीच होती. खिडकीतल्या कारकुनाने माझा कागद घेतला, वर-खाली पाहिला आणि म्हणाला, "अक्षर छान आहे बाई तुमचं. शिक्षिका होतात का?"

मी म्हटलं, "हो. पोच द्या तेवढी."

त्याने शिक्का मारला. ती पोच जाड वहीत, बावखलाच्या पानावर लावून ठेवली आहे. सून नळाच्या पाण्याची वाट पाहते आहे, भाऊ ग्रामसभेची. कोणाचं ऐकलं जाईल ते मला सांगता येत नाही. वहीत अजून कोरी पानं आहेत, आणि परवाच शेजारची सहावीतली पोरगी आली होती, तिच्या शाळेच्या रस्त्यावरच्या दिव्यासाठी. तिला म्हटलं, तू लिही, मी बघते. तिने खांबाचा नंबर आधीच पाटीवर उतरवून आणला होता.